अंगणातला टायकिळा आणि निळा कागद : वनस्पतींची पहिली छायाचित्रे आपण कशी पाहतो?

डिचोलीकर

मृगाचा पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की आमच्या गडग्याच्या कडेने टायकिळा उगवतो आणि घरात दोनच प्रश्न उरतात : भाजी आज करायची की उद्या, आणि पाने खुडायला कोण जाणार. यंदा मी गेलो. एक डहाळी सहज उजेडापुढे धरली, तर पानांच्या तीन जोड्या, देठाकडे लहान आणि टोकाकडे मोठ्या होत गेलेल्या, एखाद्या सोनाराने मापून बसवल्यासारख्या दिसल्या. साठ वर्षे ही भाजी खाऊन तिचे पान आपण आज पहिल्यांदा पाहतो आहोत, याची मला थोडी लाज वाटली.

त्याच सुमारास मी ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईंविषयी वाचत होतो. त्यांचा जन्म १७९९ सालचा, केंट परगण्यातला. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये सायनोटाइप नावाची छपाईची रीत शोधून काढली आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे ऑक्टोबर १८४३ पासून, या बाईंनी ब्रिटनच्या किनाऱ्यावरील शेवाळांचे छाप त्या रीतीने काढून त्यांचे भाग प्रसिद्ध करायला सुरुवात केली. दहा वर्षे, १८५३ पर्यंत, हे काम चालले होते. छायाचित्रांनी सजलेला हा जगातला पहिला ग्रंथ मानला जातो. गडद निळ्या कागदावर शेवाळाची पांढरी आकृती आणि खाली बाईंच्या हस्ताक्षरातले लॅटिन नाव, एवढाच प्रत्येक पानाचा संसार आहे. नावेसुद्धा सूर्यप्रकाशानेच छापलेली.

माझे मत असे की सौंदर्य दाखवावे हा बाईंचा हेतूच नव्हता. विल्यम हार्वे यांचा शेवाळांवरील १८४१ चा ग्रंथ चित्रांविना निघाला होता, ती उणीव भरून काढावी एवढेच त्यांना करायचे होते. अचूकपणा साधता साधता सौंदर्य हाती लागले. आपणा सर्वांना माझा प्रश्न असा : हे मत आपल्याला पटते का? आणि रोजच्या झाडापाल्याकडे आपल्यापैकी कोणी कधी असे थांबून पाहिले आहे का?

मांडवीकाठी

मूळ प्रश्नाला हात घालण्यापूर्वी एक शंका. यात कॅमेरा नाही, भिंग नाही. कागदावर वनस्पती ठेवायची, वर काच ठेवायची आणि ऊन दाखवायचे. याला छायाचित्र म्हणायचे की ठसा? आमच्याकडे दिवाळीला दारात पावले उमटवतात, त्यांना कोणी चित्रकला म्हणत नाही.

वेलबुट्टी

मांडवीकाठी, आपला शब्दच आपल्याला उत्तर देतो. छाया पडली आणि तिचे चित्र झाले, याहून सरळ छायाचित्र कोणते? कॅमेऱ्यातून काढलेल्या चित्राला आपण हा शब्द नंतर सवयीने लावू लागलो.

डिचोलीकरांशी मात्र माझा मतभेद आहे. शेवाळासारख्या बारीक वस्तूंची अचूक चित्रे काढणे कठीण असल्यामुळे आपण सायनोटाइपचा आधार घेतला, असे बाईंनी प्रस्तावनेत सांगितले आहे हे खरे. परंतु त्याच वाक्यात त्या हर्शेल यांच्या रीतीला ‘सुंदर’ म्हणतात. ज्या बाईंना सौंदर्याशी कर्तव्य नव्हते त्यांनी हा शब्द कशाला वापरला असता? शिवाय त्यांना चित्र काढता येत नव्हते असेही नाही. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांच्या शंखशिंपल्यांवरील लेखनाचे भाषांतर बाईंच्या वडिलांनी केले, त्यासाठी बाईंनी दोनशेहून अधिक रेखाटने काढून दिली होती. हातात अशी कला असताना तिने पेन्सिल खाली ठेवली आणि ऊन निवडले, याचा अर्थ निव्वळ सोय एवढाच लावणे मला पटत नाही.

मी कशिदा करते, म्हणून आणखी एक सांगते. त्या पानांवर शेवाळ कुठेही कसेही पडलेले दिसत नाही. केसाएवढे तंतू एकमेकांवर न चढता मोकळे झालेले असतात आणि चारी बाजूंना मोकळी जागा सोडलेली असते. रुमालाच्या कोपऱ्यात वेल बसवताना आम्ही हेच करतो, आणि ते आपोआप होत नाही.

खारफुटी

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून माझी तक्रार वेगळी आहे. समुद्री शेवाळांचे हिरवी, तपकिरी आणि लाल असे गट पडतात आणि रंगावरून ही विभागणी करण्याचे श्रेय मुख्यतः त्याच हार्वे यांना जाते. सायनोटाइपमध्ये सगळी शेवाळे सारखीच, निळ्यावर पांढरी. म्हणजे ज्या ग्रंथाला पूरक म्हणून हे काम झाले, त्या ग्रंथाने महत्त्वाचा मानलेला गुणच चित्रातून पुसला गेला. ओळख पटवण्याचे साधन म्हणून हा मोठा दोष आहे आणि डिचोलीकरांच्या ‘अचूकपणा’ला तो अडचणीत आणतो.

दोष सांगितला, आता गुणही सांगायला हवा. वस्तू कागदाला टेकलेली असल्यामुळे तिचे माप जसेच्या तसे उतरते. फांदी कुठे दुभागते, कडेला दाते आहेत की नाहीत, टोक बोथट की निमुळते, हे सगळे तिथे असते. पातळ भागातून थोडा उजेड आत शिरतो आणि तिथे फिकट निळी छटा येते, त्यामुळे जाडीचाही अंदाज बांधता येतो. ‘डिक्टिओटा डायकोटोमा’ या तपकिरी शेवाळाचे त्यांचे पान पाहा. प्रत्येक पट्टी दोन भागांत, ते दोन पुन्हा दोनांत. त्या पानावर बाईंनी नावाखाली ‘कोवळ्या अवस्थेत, आणि फळावर आलेले’ अशी नोंद केली आहे. हौसेखातर सजावट करणारी व्यक्ती असे लिहीत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांना मी ओहोटीच्या वेळी हणजुण्याच्या खडकांवर नेते. पदिनाचे पंखे, सारगॅसमच्या हवेने फुगलेल्या गोळ्या आणि उल्व्हाचे सॅलडच्या पानासारखे हिरवे तुकडे त्यांना तिथे हाताने दाखवता येतात. दरवर्षी एक तरी मुलगा म्हणतो, ‘मॅडम, ही तर घाण समजून आम्ही पायाने बाजूला करायचो.’

सत्तरीकर

आमच्या वाळपईला समुद्र नाही. आम्ही कोणते शेवाळ पाहावे? पावसात पाय घसरवते ते?

खारफुटी

तेही चालेल. पडल्यावर उठण्याची घाई करू नका, जवळून पाहण्याची तेवढीच संधी असते.

आरेखक

मी खाणीवर नकाशे काढण्यात नोकरीचा सगळा काळ घालवला, त्यामुळे हा निळा रंग माझ्या ओळखीचा आहे. आपण ज्याला ब्लूप्रिंट म्हणतो तो सायनोटाइपच. हर्शेल यांच्या शोधानंतर तीसेक वर्षांनी नकाशांच्या प्रती काढण्याच्या धंद्यात त्याचा वापर सुरू झाला. मात्र माझ्या वेळेला ज्या प्रती निघत त्या पांढऱ्या कागदावर निळ्या रेघांच्या, अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या, आणि त्यांनाही सगळे ब्लूप्रिंटच म्हणत. अस्सल ब्लूप्रिंट, म्हणजे निळ्या जमिनीवर पांढरी रेघ, मी फक्त जुन्या पेटीत पाहिली. अमोनियाच्या वासाने डोळ्यांतून पाणी येई, त्यामुळे सौंदर्याचा विचार करायला सवड नव्हती.

रीत सोपी आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची पाण्यातली दोन द्रावणे वेगवेगळी ठेवायची. एक शतांश लिटर पाण्यात पहिले २५ ग्रॅम आणि दुसरे १० ग्रॅम, हे प्रमाण बरेच जण वापरतात. काम करताना दोन्ही सारखी घेऊन मिसळायची, मंद उजेडात ब्रशने कागदावर फासायची आणि अंधारात वाळवायची. कागद हिरवट पिवळा दिसतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी फेरिक लोह फेरस होते आणि फेरिसायनाइडशी जुळून प्रशियन निळा रंग तयार होतो, जो पाण्यात विरघळत नाही. पानाखालच्या जागी काहीच घडत नाही, म्हणून साध्या पाण्याने धुतल्यावर तिथे पांढरा कागद उरतो. द्रावणात आम्ल मात्र घालू नये आणि स्वयंपाकाचे भांडे वापरू नये.

मला गंमत वाटते ती एवढीच : डिचोली-सांग्याच्या खाणींत आमचे हातपाय लाल व्हायचे ते लोखंडाने, आणि त्या खाणीचा नकाशा निळा, तोही लोखंडानेच.

*(दुरुस्ती : वर ‘शतांश लिटर’ असे चुकून लिहिले आहे. १०० मिलिलिटर, म्हणजे लिटरचा दहावा भाग, असे वाचावे. आरेखकाने दशांश चुकवावा, हे निवृत्तीचे लक्षण आहे.)*

सत्तरीकर

खाणीवर असताना दशांश चुकला असता तर डोंगर शेजारच्या गावात निघाला असता.

माजघर

मी विज्ञानाची बाई नाही आणि कॅमेराही कधी हातात धरलेला नाही, पण डिचोलीकरांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर आहे.

नागपंचमीला आम्ही पातोळ्या करतो. हळदीचे पान धुऊन, पुसून पाटावर पसरायचे, त्यावर तांदळाच्या पिठाचा पातळ थर बोटांनी लावत न्यायचा, मध्ये गूळ-खोबऱ्याचे चून घालायचे, पान दुमडायचे आणि मोदकपात्रात वाफवायचे. वाफवून झाल्यावर पान सोलले की पिठावर पानाची शीर न् शीर उमटलेली असते. मधली जाड शीर खोलगट उतरते आणि तिच्यापासून तिरक्या निघालेल्या बारीक शिरा इतक्या जवळजवळ असतात की नखाने मोजता येत नाहीत. माझी सासू पान ओढून काढू देत नसे. टोकाकडून हळूच, शिरेच्या दिशेने सोलायचे, नाहीतर ‘पातोळीचा चेहरा जातो’ असे ती म्हणे. चवीत काडीचाही फरक पडत नाही, तरी हा नियम होता. आमच्या ख्रिस्ती शेजारणीकडे १५ ऑगस्टला पातोळ्या होतात, तिच्या घरीही पान असेच सोलतात.

आपण सगळे ज्याला छाप म्हणता तो हाच ना?

वेलबुट्टी

माजघरताई, तंतोतंत हाच. छायाचित्रणाच्या बरोबरीने युरोपात निसर्गमुद्रण नावाची रीतही निघाली होती. व्हिएन्नाच्या शासकीय छापखान्यातील आलोइस आउअर यांनी १८५० च्या सुमारास ती विकसित केली. पान मऊ शिशाच्या पत्र्यावर ठेवून मोठ्या दाबाने दाबत, पत्र्यात शिरा उतरत आणि त्यावरून छपाई होई. हेन्री ब्रॅडबरी यांनी त्या रीतीने छापलेला नेच्यांचा ग्रंथ १८५५ चा आहे. आपल्या सासूबाईंनी शिशाऐवजी तांदूळ वापरला, तेवढाच फरक.

मांडवीकाठी

आणि व्हिएन्नाची प्रत संग्रहालयात आहे, पातोळीची प्रत मात्र पाच मिनिटांत नाहीशी होते.

कुळागर

धागा गोव्याचा आहे, म्हणून पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचे नाव यायला हवे. भारतातील औषधी द्रव्यांवरील त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये इथेच छापला गेला. पणजीच्या बागेला त्यांचे नाव आहे आणि बागेत संध्याकाळी बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते कोण हे ठाऊक असते. त्या ग्रंथात वनस्पतींची चित्रे नाहीत. सगळे काम वर्णनावर आहे : वास कसा, चव कशी, बाजारात कोणत्या नावाने मिळते.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी कोचीला ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींवरचा सचित्र ग्रंथ तयार झाला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड ॲमस्टरडॅमला निघाले. त्या कामात रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते, ज्यांच्या समाजाची मुळे गोव्यात आहेत. त्यांचे १६७५ चे कोंकणी निवेदन पहिल्या खंडात देवनागरी अक्षरांत छापलेले आहे. चित्रांवर वनस्पतीचे नाव लॅटिन अक्षरांबरोबर मल्याळम, अरबी आणि नागरी लिपीतही कोरलेले आढळते. ॲटकिन्सबाईंच्या हस्ताक्षराचा उल्लेख वाचला तेव्हा मला ही नागरी अक्षरे आठवली. चित्र एकाचे, नाव दुसऱ्याचे, आणि दोन्ही एकाच पत्र्यावर.

माझा मुद्दा असा की वनस्पतीकडे पाहण्याची परंपरा आपल्याकडे कॅमेऱ्याची वाट पाहत थांबलेली नव्हती. चतुर्थीची माटोळी घ्या. गणपतीसमोर लाकडी चौकटीला नारळ आणि सुपारीच्या घडांबरोबर रानातली कवंडळे, घागऱ्या, कांगले, माट्टी आपण टांगतो. ही फळे रोज कोणी पाहत नाही. पण चार दिवस ती डोळ्यांसमोर, अगदी डोक्यावर, एकेकटी लोंबत असतात. कवंडळाचा तो शेंदरी रंग माटोळीत पाहिला नसता तर रानात मी त्याच्याजवळून सरळ निघून गेलो असतो.

खारफुटी

माटोळीविषयी पूर्ण सहमत आहे. एक भर घालते : माटोळी बांधणाऱ्याला ही फळे कुठे, कोणत्या वेलीला, कोणत्या आठवड्यात तयार होतात हे माहीत असावे लागते. माझ्या काही विद्यार्थ्यांचे वर्गीकरण कच्चे असते, पण त्यांच्या आजोबांचे पक्के असते.

बाल्कांव

निळ्या कागदाच्या पुढची गोष्ट कोणी काढली नाही, म्हणून मी काढतो. कार्ल ब्लॉसफेल्ट हे जर्मन गृहस्थ १८६५ मध्ये जन्मले. ते बर्लिनच्या कलाशाळेत शिकवत. लोखंडी जाळ्या, दगडी नक्षी, भांडी यांची घडण वनस्पतींच्या आकारांतून शिकता येते असे त्यांना वाटे आणि विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी त्यांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने हजारो छायाचित्रे काढली. रोपे महागडी नव्हेत. रस्त्याच्या कडेची, रेल्वेच्या बांधावरची. राखाडी पार्श्वभूमीवर एकच देठ, एकच कळी, कित्येक पटींनी मोठी केलेली. तीस वर्षे हे काम वर्गापुरतेच राहिले. १९२८ मध्ये १२० चित्रांचे पुस्तक निघाले आणि त्रेसष्टाव्या वर्षी हे शिक्षक एकदम प्रसिद्ध झाले. त्यानंतर ते चारच वर्षे जगले.

हंसराजाच्या कुळातल्या नेच्याचे त्यांचे एक चित्र आहे. कोवळी पाने अजून उलगडलेली नाहीत, टोके आत वळलेली आहेत. ते पाहिल्यावर मी आमच्या बाल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, कठड्याकडे पाहिले. त्या लोखंडी कठड्याला तशीच वळणे आहेत. आजोबांच्या वेळचा लोहार नेच्याकडे पाहून वळण देत होता की पोर्तुगीज नमुन्यावरून, हे आता कोण सांगणार? पण आमच्या विहिरीच्या चिऱ्यांच्या फटींत दर पावसाळ्यात हंसराज उगवतो आणि कठड्यापासून विहीर दहा पावलांवर आहे.

मांडवीकाठी

ब्लॉसफेल्ट यांच्याविषयी मला आदर आहे, परंतु ते नको असलेली पाने छाटून टाकत आणि काचेच्या निगेटिव्हवर हात फिरवून दुरुस्त्याही करत. मग हे निसर्गातले सौंदर्य की शिक्षकाने शिस्त लावलेले? धाग्याचा विषय रोजचा निसर्ग आहे. रोजचा निसर्ग किडलेला, फाटलेला, चिखल उडालेला असतो.

बाल्कांव

छाटत होते, हे मान्य. माजघरताईंची सासूसुद्धा पातोळीसाठी फाटके पान घेत नसणार.

माजघर

घेत नसे. फाटलेले पान तळाशी घालायचे.

वेलबुट्टी

मांडवीकाठींना आवडेल असा माणूस सांगते. चार्ल्स जोन्स नावाचे इंग्रज माळी होते, १८६६ चा जन्म. बड्या घरांच्या बागा सांभाळता सांभाळता त्यांनी स्वतः पिकवलेल्या भाज्यांची छायाचित्रे काढली. कांदे, घेवडा, कोबी, मुळे, प्रत्येक भाजी एखाद्या मान्यवर पाहुण्यासारखी समोर बसवून. १९५९ मध्ये ते वारले तेव्हा हे कोणाला ठाऊकही नव्हते. १९८१ मध्ये लंडनच्या बर्मंडसी बाजारात एक पेटी विकायला आली, तिच्यात त्यांची शेकडो चित्रे निघाली. काचेच्या मूळ पट्ट्यांचे त्यांनी काय केले असेल? कोवळ्या रोपांना थंडी लागू नये म्हणून त्या बागेत झाकणासारख्या वापरल्या, असे त्यांच्या कुटुंबातून कळले.

हे वाचून मी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून सात शिरांची भेंडी आणली आणि करण्यापूर्वी एक आडवी कापून बशीत ठेवली. नेहमीच्या भेंडीला पाच कोन असतात, हिला सात, आणि प्रत्येक कप्प्यात बियांची ओळ मोत्यासारखी. मुलगा म्हणाला, ‘आई, भेंडी चिकट होते आहे.’ म्हणून पाहणे तिथेच थांबले.

सत्तरीकर

आता गंभीरपणे एक तक्रार करतो. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सीतेची आसवे आणि गेंद फुलतात. दोन-तीन बोटे उंचीची ही फुले. सीतेची आसवे तर कीटक पकडून जगणारी वनस्पती आहे. कातळावरच्या बोटभर मातीत तिचे सगळे आयुष्य एका पावसाळ्यात आटोपते. गेल्या वर्षी आमच्या बाजूच्या सड्यावर छायाचित्रकारांचा एक गट आला. प्रत्येकाला फूल आकाशाच्या पार्श्वभूमीवर हवे, म्हणून सगळे पोटावर आडवे. ते गेल्यावर माणसांच्या आकाराच्या दहा-बारा जागा चिखलात उमटल्या होत्या. मांडवीकाठींचा ठसा म्हणतात तो हाच असावा. ॲटकिन्सबाईंनी एक शेवाळ उचलले आणि वर्षानुवर्षे त्याचे काम केले. आम्ही एका चित्रासाठी शंभर फुले झोपवतो आणि रात्रीपर्यंत ते चित्रही विसरतो.

खारफुटी

सत्तरीकर, ही तक्रार रास्त आहे. मी मुलांना सड्यावर नेते तेव्हा उघड्या कातळावरूनच चालायचे आणि बसायचे झाले तर कातळावरच, असा दंडक असतो. कपडे ओले होतात, फुले वाचतात.

डिचोलीकर

सर्वांच्या प्रतिसादांनी मी हा आठवडाभर कामाला लागलो. आरेखकांच्या मापाने (दुरुस्तीनंतरच्या) रसायने तयार केली. ती मागवण्यात पाच दिवस गेले आणि दुकानदाराने पहिल्यांदा भलतीच बाटली पाठवली, तो भाग सोडून देतो. खरा शत्रू निघाला जुलैचा दमटपणा. रात्री फासलेला कागद सकाळीही बोटाला चिकटत होता. शेवटी तांदळाच्या रिकाम्या डब्यात, खाली कोरडे तांदूळ आणि वर जाळी ठेवून, तो वाळवला.

पहिल्या प्रयत्नाची फजिती सांगण्यासारखी आहे. टायकिळ्याची डहाळी सकाळीच खुडून पाण्यात घातली आणि कागदाबरोबर तयार असावी म्हणून अंधाऱ्या खोलीतच ठेवली. दहा वाजता ऊन पडले. धावत जाऊन पाहतो तर सगळी पाने जोडीजोडीने मिटलेली, हात जोडून उभी असल्यासारखी. टायकिळा रात्री पाने मिटतो हे मी लहानपणापासून पाहिले होते, पण खोलीतल्या अंधारालाही तो रात्र समजेल हे ध्यानात आले नाही. मिटलेलीच डहाळी काचेखाली दाबली आणि छाप आला तो काडीला लटकवलेल्या चिंध्यांसारखा.

दुसऱ्या दिवशी डहाळी उजेडात ठेवली, पाने उघडी असतानाच काच दाबली आणि ढगांच्या भरवशावर बसलो. ऊन येई, जाई. दहा मिनिटांचे काम चाळीस मिनिटे चालले. कागद निळ्यावरून राखाडी, जवळजवळ काशाच्या रंगाचा झाला तेव्हा विहिरीच्या पाण्यात टाकला. पिवळे पाणी निघून गेले आणि पांढरी पाने वर आली. कडा जरा पुसट आहेत, कारण वाऱ्याने काच हलली. एका पानावर अळीने पाडलेले भोक आहे, आणि त्या भोकातून ऊन गेल्यामुळे पांढऱ्या पानावर एक गोल निळा ठिपका उमटला आहे. हाताने चित्र काढले असते तर मी ते भोक नक्कीच बुजवले असते. मांडवीकाठी, किडलेला निसर्ग आपल्याला हवा होता, तो आला आहे.

वेलबुट्टीताईंचा मुद्दा मला निम्मा मान्य करावा लागेल. डहाळी ठेवताना मी ती तीनदा सरकवली. नेमके माप हवे म्हणून नव्हे, तर ती कोपऱ्यात गर्दी करत होती म्हणून. खारफुटीमॅडम, छाप खाली जोडला आहे. माझ्या हस्ताक्षरात ‘टायकिळा, डिचोली, जुलै’ असे लिहिले आहे.

वेलबुट्टी

निम्मे मान्य केलेत, तेही पुष्कळ झाले. अळीचा ठिपका फार देखणा आहे. त्याला धक्का लावू नका.

आरेखक

रंग उत्तम आला आहे. एक-दोन दिवसांत हवा लागून तो आणखी गडद होईल. कागद धुताना साबण किंवा सोड्याचा हात लागू देऊ नये, अल्कलीने प्रशियन निळा फिका पडतो. आणि सही कुठे आहे?

डिचोलीकर

सही केलेली नाही. ॲटकिन्सबाईंनी प्रस्तावनेखाली ‘ए. ए.’ एवढीच आद्याक्षरे घातली होती आणि पुढे एका अभ्यासकाने त्यांचा अर्थ ‘अनामिक हौशी व्यक्ती’ असा लावला. माझ्या आद्याक्षरांचा याहून वाईट अर्थ लागण्याची शक्यता आहे.

सत्तरीकर

भाजी केली की नाही?

डिचोलीकर

केली. चण्याची डाळ आणि खोबरे घालून. डहाळी मात्र वगळली, तिला फेरिसायनाइड लागले होते.

खारफुटी

छाप पाहिला. पाने स्पष्ट आहेत, तीन जोड्या मोजता येतात. पण नुसते ‘टायकिळा’ असे लिहून मी याला पूर्ण गुण देणार नाही. याच्याशी अगदी मिळतीजुळती दुसरी एक जात आहे आणि फक्त पानांच्या आकृतीवरून त्या दोघी वेगळ्या सांगणे धोक्याचे असते. शेंग आणि तिच्या देठाची लांबी पाहावी लागते. गडग्याकडची दोन-तीन झाडे या वर्षी भाजीसाठी खुडू नका. पाऊस ओसरून शेंगा धरल्या की त्याच मापाच्या कागदावर दुसरा छाप घ्या आणि दोन्ही शेजारी लावा, खाली ‘कोवळ्या अवस्थेत, आणि फळावर आलेले’ असे लिहून.

डिचोलीकर

घरात विचारून सांगतो. दोन झाडांना परवानगी मिळाली आहे, तिसऱ्याची बोलणी चालू आहेत.